हिवाळ्याआधींची बेगमी

इतिहासाचीं पुस्तकें वाचतांना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षांत येते. लढाया कोणीं जिंकल्या, तह कोणीं केले, कोणता सेनापति कोणत्या वाटेनें चालून गेला, ही हकीकत तारीखवार मिळते. परंतु ज्या घोड्यांवर, गाड्यांवर व यंत्रांवर ती सेना चालली त्यांची निगा कोण राखीत होतें, हें विचारूं गेल्यास ग्रंथकार बहुधा मौन धरतात. नाल ठोकणारा नालबंद आणि आंसाला वंगण घालणारा गाडीवान यांना इतिहासाच्या दिवाणखान्यांत प्रवेश नाहीं. याचा परिणाम असा होतो कीं, एखादी मोठी मोहीम फसली म्हणजे तिचें कारण आपण दैवांत, हवेंत किंवा शत्रूच्या पराक्रमांत शोधतों. तें पागेंत किंवा कारखान्यांत पडलेलें असलें तरी तिकडे आपली दृष्टि जात नाहीं.

रशियाच्या हिवाळ्यानें १८१२ सालीं नेपोलियनला व १९४१ सालीं हिटलरला परत फिरविलें, हें वाक्य इतकें रूढ झालें आहे कीं, शाळकरी मुलगाहि तें बिनचूक म्हणून दाखवील. आमच्या मतें तें अर्धेंच सत्य आहे. थंडीनें वाहनें बंद पाडलीं हें खरें. पण तीं बंद पडावीं अशी तजवीज थंडीपूर्वीं कित्येक आठवडे माणसांनींच करून ठेविली होती, आणि तीहि अज्ञानामुळें नव्हे. काय करावयास पाहिजे हें ठाऊक असलेला मनुष्य प्रत्येक वेळीं जवळपास होता. त्याचें ज्ञान घोड्याच्या खुरापर्यंत किंवा यंत्राच्या चाकापर्यंत कां पोंचलें नाहीं, एवढाच प्रश्न या लेखांत विचारण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम १८१२ ची गोष्ट घेऊं. २४ जून रोजीं नेपोलियनची सेना नीमेन नदी ओलांडूं लागली. मागाहून गेलेल्या पलटणी धरतां या मोहिमेंत गुंतलेल्या माणसांची संख्या सहा लाखांच्या घरांत जाते. उन्हाळ्यांतील दौड, पाऊस व हिरवा चारा यांनीं हजारों घोडे मॉस्को दिसण्यापूर्वींच मेले. तेव्हां सगळा दोष थंडीवर लादतां येत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. १४ सप्टेंबरला सेना मॉस्कोंत शिरली व १९ ऑक्टोबरला तेथून निघाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत बर्फ पडूं लागलें, रस्ते कांचेसारखे गुळगुळीत झाले, आणि मग उरलेल्या घोड्यांची जी दशा झाली ती वर्णन करवत नाहीं. प्रत्येक लहानशा चढावर तोफा ओढणारे घोडे घसरून पडत. एकदां पडलेलें जनावर पुन्हां उठत नसे. तोफा वाटेंत टाकाव्या लागल्या, घोडेस्वार पायीं चालूं लागले, आणि सैन्याचा बळकट भाग होता तोच प्रथम निकामी झाला.

याचें एक प्रमुख कारण अगदीं साधें होतें. बर्फावर चालणाऱ्या घोड्याची नाल सपाट असून भागत नाहीं. तिला खालच्या अंगास टोकें काढावीं लागतात, म्हणजे तीं बर्फांत रुतून पाय धरतात. सैन्यांतील बहुतेक घोड्यांच्या नाला सपाट होत्या. पण त्याच सैन्यांत कांहीं घोडे असे होते कीं, जे या वाटेवरून बरेचसे सुखरूप परत आले. ते बादशहाच्या खास पागेचे घोडे होत. त्या पागेचा मुख्य अधिकारी कोलँकूर हा १८०७ पासून १८११ पर्यंत सेंट पीटर्सबर्ग येथें फ्रान्सचा वकील होता. रशियाचा हिवाळा त्यानें डोळ्यांनीं पाहिला होता, आणि म्हणून आपल्या ताब्यांतील घोड्यांस त्यानें वेळींच टोंकदार नाला ठोकवून घेतल्या होत्या.

वाचकांच्या मनांत साहजिकच येईल कीं, जें पागेंत झालें तें सबंध सैन्यांत कां झालें नाहीं? मॉस्कोंत पांच आठवडे मुक्काम होता. शहर बव्हंशीं जळालें होतें हें खरें, तरी लोखंड व लोहार यांचा तेथें अगदींच दुष्काळ होता असें नाहीं. पण बादशहा त्या पांच आठवड्यांत झारच्या तहाच्या पत्राची वाट पाहत बसला होता. ऑक्टोबरांतील हवा मोठी सुखद होती, आणि कोलँकूरनें सांगितलेल्या थंडीच्या कथांची त्यानें थट्टा केली. सर्व घोड्यांना हिवाळी नाला ठोकण्याचा हुकूम देणें म्हणजे तह होणार नाहीं, माघार घ्यावी लागेल, हें सर्व छावणीसमक्ष कबूल करणें होतें. तो हुकूम सुटला नाहीं.

पुढील शंभर वर्षांत घोड्याची जागा यंत्रानें घेतली. यंत्र थकत नाहीं, दाणावैरण मागत नाहीं, म्हणून थंडीला तें घोड्याहून अधिक दाद देणार नाहीं अशी समजूत होणें स्वाभाविक होतें. वस्तुतः प्रकार उलटा आहे. इंजिन थंड ठेवणारें पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान शेंकडा सुमारें ९ नें वाढतें, आणि तेवढ्यानें लोखंडी कवच तडकूं शकतें. वंगणाचें तेल काकवीसारखें घट्ट होतें व जेथें पोंचावयास पाहिजे तेथें पोंचत नाहीं. बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, आणि नेमका त्याच वेळीं घट्ट तेलांत रुतलेलें इंजिन फिरविण्यास दुप्पट जोर लागतो. त्यांतून ती अर्धवट उतरलेली असली तर तिच्यांतील आम्लद्रव गोठून ती फुटते. डिझेल तेलांतील मेण साकळून गाळणी बुजते. रबर कडक होऊन चिरतें.

या प्रत्येक दोषावर उपाय आहे आणि तो फारसा खर्चाचाहि नाहीं. पाण्यांत निम्में ग्लायकोल मिसळलें असतां तें शून्याखालीं ३५ अंशांच्या आसपासहि गोठत नाहीं. पातळ जातीचें तेल अगोदर भरून ठेवतां येतें. विमानांच्या बाबतींत तर अशी एक युक्ति प्रचारांत आली कीं, संध्याकाळीं इंजिन बंद करण्यापूर्वीं तें ऊन असतांनाच तेलांत थोडें पेट्रोल सोडावयाचें. त्यामुळें रात्रभर तेल पातळ राहतें, आणि सकाळीं इंजिन तापलें कीं पेट्रोल उडून जातें. हे सर्व उपाय आदल्या रात्रीं, आदल्या आठवड्यांत किंवा आदल्या ऋतूंत करावयाचे आहेत. गोठलेल्या सकाळीं त्यांतील एकहि उपयोगी पडत नाहीं. मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून, सरपण भरून व आगोटीची बेगमी करून ठेवणाऱ्या आमच्या कोंकणांतील माणसाला हें तत्त्व नवीन वाटणार नाहीं.

यंत्र प्रथम खऱ्या थंडींत नेलें तें दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत. १९०८ मध्यें शॅकल्टननें आपल्याबरोबर एक ॲरोल-जॉन्स्टन मोटार नेली होती. गोठलेल्या समुद्रावर तिनें बरें काम दिलें, मऊ बर्फांत मात्र तिचीं चाकें रुतत. त्यानंतर कॅप्टन स्कॉटनें चाकांऐवजीं पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटारगाड्या तयार करविल्या. त्यांची जडणघडण करण्यांत रेजिनाल्ड स्केल्टन या आरमारी इंजिनिअरचा मोठा भाग होता. स्कॉटच्या पहिल्या मोहिमेंत ‘डिस्कव्हरी’ जहाजाचीं यंत्रें त्यानेंच सांभाळलीं होतीं, आणि १९१० च्या मार्चमध्यें नॉर्वेच्या बर्फांत झालेल्या चाचणीच्या वेळींहि तो हजर होता. या गाड्यांच्या खोडी त्याच्याइतक्या कोणासच ठाऊक नव्हत्या. परंतु मोहीम निघाली तेव्हां स्केल्टनला घरीं ठेवण्यांत आलें. मोहिमेंतील दुय्यम अधिकारी एव्हन्स हा आरमारांत त्याच्याहून खालच्या हुद्द्याचा होता, आणि वरिष्ठ हुद्द्याचा मनुष्य आपल्या हाताखालीं असणें त्यास पसंत नव्हतें.

पुढें काय झालें? १९११ च्या ८ जानेवारीस जहाजांतून उतरवितांना एक गाडी बर्फ फुटून समुद्रांत गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबरला निघाल्या. त्यांचीं इंजिनें हवेनें थंड होणारीं होतीं. मागचे सिलिंडर भाजून निघत, म्हणून गाडी थांबवावी. तर तेवढ्या अवधींत इंधन पुरविणारा भाग गारठून पुन्हां चालू होण्यास नकार देई. सुमारें पन्नास मैल जातात न जातात तोंच दोन्ही गाड्यांचीं इंजिनें निकामी झालीं, आणि त्यांवरील चौघां माणसांना सामानाच्या घसरगाड्या पुढें शेंकडो मैल खांद्यांनीं ओढाव्या लागल्या. स्केल्टन असता तर गाड्या ध्रुवापर्यंत गेल्या असत्या असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण ज्या यंत्रांवर एवढा पैसा व एवढी आशा खर्च झाली, त्यांना त्यांचा जाणता मनुष्य मिळूं नये, आणि तो हुद्द्याच्या मानापायीं मिळूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्याकडील कचेऱ्यांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना ती फार दूरची वाटणार नाहीं.

आतां १९४१ कडे वळूं. २२ जून रोजीं जर्मन सेना रशियांत घुसली. हिवाळ्यापूर्वीं युद्ध संपेल, मागें थोडीशीच फौज ठेवावी लागेल, असा हिशेब असल्यामुळें हिवाळी सामानाची तरतूदहि त्याच बेतानें झाली होती. ऑक्टोबरांत चिखलानें गाड्या अडविल्या, नोव्हेंबरांत जमीन गोठली, आणि डिसेंबरच्या आरंभीं मॉस्कोच्या आसपास पारा कांहीं दिवस शून्याखालीं ३० अंशांच्याहि खालीं गेला. रणगाडे चालू करण्यासाठीं त्यांच्या पोटाखालीं विस्तव पेटवावा लागे. कित्येक इंजिनें बंद करण्याची भीति वाटून तासन्‌तास चालूंच ठेवीत, आणि आधींच अपुरें असलेलें पेट्रोल त्यांत जळून जाई. जर्मन आगगाडीच्या इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बॉयलरच्या बाहेरून नेलेल्या होत्या. त्या गोठून फुटल्या व रसद मागेंच राहिली. उलट रशियनांच्या टी-३४ रणगाड्यांत, विजेनें इंजिन चालू न झाल्यास दाबलेल्या हवेनें तें फिरविण्याची सोय मुळांतच केलेली होती.

सेनापति गुडेरियन यानें आपल्या आठवणींत या दिवसांतील अडचणींची यादी दिली आहे. तींत एक बाब अशी कीं, रणगाड्यांच्या पट्ट्यांना बर्फासाठीं लावावयाचीं टोकें अद्याप येऊन पोंचलीं नव्हतीं. वाचकांनीं क्षणभर थांबून ही बाब १८१२ च्या नालेशेजारीं ठेवून पाहावी. एकशें एकोणतीस वर्षांत घोड्याचा रणगाडा झाला, परंतु अडलें तें त्याच ठिकाणीं. घोडें पुन्हां तेथेंच पेंड खात होतें.

याहूनहि विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. कोलँकूरच्या आठवणी १९३३ मध्यें प्रसिद्ध झाल्या होत्या. मॉस्कोच्या रोखानें चाललेल्या चौथ्या सेनेचा सेनापति क्लूगे तें पुस्तक हातांत घेऊन नकाशापुढें उभा असे, असें त्याचा सहकारी ब्लूमेनट्रिट यानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे इतिहासाचा धडा त्यांना माहीत नव्हता असें नव्हे. तो छापील स्वरूपांत टेबलावर होता. फक्त तो वाचण्याची वेळ टळून गेली होती. जुलै महिन्यांत ज्यानें हिवाळी वंगणाची मागणी लावून धरली असती त्याच्या निष्ठेविषयींच शंका घेतली गेली असती, कारण त्या मागणीचा अर्थ विजय लांबणार असा होत होता. जेथें तरतूद ही शंकेची खूण मानली जाते, तेथें शहाणीं माणसें गप्प बसतात.

पुढच्या वर्षींची एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९४२ च्या शरद ऋतूंत स्टालिनग्राडच्या वायव्येस जर्मनांची २२ वी रणगाडा तुकडी राखीव म्हणून ठेविली होती. पेट्रोल नाहीं म्हणून रणगाडे खड्ड्यांत उतरवून गवतानें झांकले होते आणि त्यांचीं इंजिनें क्वचितच फिरविलीं जात. नोव्हेंबरांत रशियनांनीं चढाई केली व निघण्याचा हुकूम आला, तेव्हां अनेक रणगाडे जागचे हालेनात. गवतांत थंडीच्या आश्रयास आलेल्या उंदरांनीं विजेच्या तारांवरील वेष्टण कुरतडलें होतें. भाकरी कां करपली, घोडा कां अडला, पानें कां सडलीं, हें कोडें आपल्याकडे प्रत्येक आजीनें नातवंडांना घातलेलें आहे. न फिरविल्यामुळें, हें त्याचें उत्तर रणगाड्यालाहि तंतोतंत लागू पडतें.

गवत आणि उंदीर हीं दोन नांवें एकत्र आलीं कीं, मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला एक पत्र आठवल्यावांचून राहत नाहीं. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणींतल्या अंमलदारांस तें लिहिलें. तेथें संकट थंडीचें नसून पावसाळ्याचें आहे. परंतु मुद्दा तोच आहे. दाणावैरण आतांच मनास येईल तशी उधळाल तर ऐन पावसाळ्यांत घोडे उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेस उपद्रव द्याल. रात्रीं दिवा उघडा राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल व गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यानें महाराजांनीं बजाविलें आहे. राज्यकर्त्याचें लक्ष उंदरापर्यंत पोंचणें हें आम्हांस त्याच्या थोरपणाचें लहानसें लक्षण वाटत नाहीं. खालच्या माणसाला हिवाळ्याविषयीं किंवा पावसाळ्याविषयीं बोलण्याची मुभा असते ती अशाच ठिकाणीं.

अशी मुभा मिळाल्यास काय घडतें, याचें उदाहरण १९४१ च्या त्याच हिवाळ्यांत सांपडतें. लेनिनग्राड शहराला ८ सप्टेंबरपासून वेढा पडला होता. नोव्हेंबरच्या २० तारखेस मुलांना व काम न करणाऱ्यांना मिळणारी पाव-रोटी दिवसास १२५ ग्रॅमवर आली. उरलेली एकच वाट लाडोगा सरोवरावरून जात होती, आणि तीहि बर्फ पुरेसें जाड झालें तरच. २२ नोव्हेंबरला पहिल्या मालमोटारी त्या बर्फावर उतरल्या. त्या फोर्डच्या नमुन्यावर बांधलेल्या दीड टनी साध्या गाड्या होत्या. बर्फ २० सेंटिमीटरांच्या आसपास जाड असल्यावांचून लादलेली गाडी पाठवूं नये, आरंभीं ओझें थोडें ठेवून कांहीं माल मागें जोडलेल्या घसरगाडीवर विभागावा, असे दंडक घातले गेले.

तरीहि एक कोडें सुटेना. कधीं कधीं जड गाडी सुखरूप जाई आणि तिच्याहून हलकी बुडे. शहरांतील पदार्थविज्ञान-संशोधक पावेल कोबेको व त्याचे सहकारी यांनीं बर्फाची हालचाल टिपणारीं उपकरणें सरोवरावर बसविलीं, आणि त्यांना आढळलें कीं, गाडीच्या वजनानें बर्फाखालच्या पाण्यांत लाट उठते. गाडीचा वेग व लाटेचा वेग जुळले कीं बर्फ फुटतें. ताशीं सुमारें ३५ किलोमीटरांचा वेग विशेष धोक्याचा ठरला. त्यावरून वेगाचे व दोन गाड्यांतील अंतराचे नियम झाले, आणि ते चालकांनीं पाळले. वाटेवर ऊब घेण्याचे तंबू व दुरुस्तीचीं ठाणीं उभारलीं होतीं. अनेक गाड्या चालकांसह बुडाल्या, आणि शहरांत उपासमारीनें लाखों माणसें मेलीं, हें विसरतां येत नाहीं. तथापि २४ एप्रिल १९४२ रोजीं रस्ता बंद होईपर्यंत त्यावरून सुमारें ३ लाख ६० हजार टन माल आंत आला आणि सुमारें साडेपांच लाख माणसें बाहेर पडलीं. अर्धपोटीं शास्त्रज्ञाचें म्हणणें चालकापर्यंत पोंचलें, आणि त्याच्या आड कोणाचा हुद्दा आला नाहीं, म्हणून हें घडूं शकलें.

आपल्या देशांतहि अशी थंडी आहे. द्रास, कारगिल व लेह या भागांत हिवाळ्यांत साधें डिझेल साकळून जाई. त्यांत रॉकेल मिसळून चालक कसाबसा निभाव लावीत. २०१९ च्या नोव्हेंबरांत इंडियन ऑइल कंपनीनें पानिपतच्या कारखान्यांत तयार केलेलें, शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिवाळी डिझेल लडाखसाठीं उपलब्ध करून दिलें. महाराष्ट्रांतील कित्येक घरचीं मुलें त्या डोंगरांत पहाऱ्यावर असतात. त्यांचें अन्न व औषध ज्या मालमोटारींतून जातें त्या पहांटे चालू होतात कीं नाहीं, हा प्रश्न त्यांच्या आईबापांच्याहि जिव्हाळ्याचा आहे. तरीहि या डिझेलची वार्ता आमच्या परिचयाच्या सुशिक्षित मंडळींपैकीं फारच थोड्यांच्या कानीं आली असेल.

याचा दोष केवळ वाचकांकडे नाहीं. निगा राखण्याच्या कामांत यश आलें म्हणजे कांहींच घडत नाहीं: इंजिन फुटत नाहीं, घोडा घसरत नाहीं, गाडी नेहमींप्रमाणें निघते. आणि जें घडलें नाहीं त्याची बखर लिहिण्याची आपल्याला संवय नाहीं. अपयशाला मात्र तारीख असते, स्थळ असतें, मृतांची संख्या असते. म्हणून कोलँकूरच्या नाला आपल्याला ठाऊक झाल्या त्या बाकीचे घोडे पडले म्हणून. सगळेच घोडे नीट परत आले असते तर नालांचा उल्लेख करण्याचें त्याला कारणच पडलें नसतें.

इतिहास शिकविणाऱ्यांनीं व शिकणाऱ्यांनीं यापुढें एवढें तरी करावें, अशी आमची विनंति आहे. एखाद्या मोहिमेचें वर्णन वाचतांना सेनापतीचा बेत समजून घेतल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: त्या वाहनांची व त्या ऋतूची माहिती असलेला मनुष्य कोण होता, आणि बेत ठरतांना त्याला कोणीं विचारलें होतें काय? पुष्कळदां या प्रश्नाच्या उत्तरांतच त्या मोहिमेचा शेवट आधीं लिहून ठेवलेला आढळतो.